दहापैकी साडेचार

जगातला कुठलाही धंदा घ्या, शिकवणाऱ्याला ते काम निदान एकदा तरी करून दाखवावं लागतं. शिंपी उमेदवाराला काजं शिकवतो, तेव्हा आधी स्वतः दोरा ओला करून सुईत ओवतो. पोहायला शिकवणारा काठावर उभा राहून कितीही ओरडत असला, तरी पूर्वी कधीतरी त्यालाही कुणीतरी विहिरीत ढकललेलं असतंच. पोळ्या शिकवणारी सासू आधी पुष्कळ बोलते (काय बोलते ते सुनांना विचारा), पण शेवटी लाटणं हातात घेऊन "बघ, अशी" म्हणते. चित्रकलेचे सर फळ्यावर आंबा काढतात. तो बऱ्याचदा वांग्यावर जातो, पण काढतात. पी.टी.च्या सरांचं उदाहरण मी देणार होतो, पण आमच्या शाळेतल्या सरांचं पोट आठवलं आणि बेत रद्द केला.

राहता राहिला मराठीचा मास्तर. हा एकटाच प्राणी असा, की फळ्यावर 'पावसाळ्यातील एक दिवस' एवढं लिहितो, खाली रेघ मारतो, "वीस ओळी, खाडाखोड नको" असं बजावतो आणि खुर्चीत बसून हजेरीपट पुरा करतो. त्याने स्वतः शेवटचा निबंध लिहिलेला असतो तो डी.एड.च्या किंवा बी.एड.च्या परीक्षेत. त्यानंतर त्याच्या हातून जे लेखन होतं ते म्हणजे रजेचा अर्ज, सहलीचा हिशेब आणि लाल शाईतलं 'भाषा सुधारा'. मी स्वतः तीस वर्षं मराठी शिकवलं, तेव्हा जातभाईंबद्दल एवढं बोलायचा मला हक्क आहे.

आता प्रश्न असा, की जे आपण कधी करत नाही ते दुसऱ्याकडून करवून घेण्याचा, वर त्याला गुण देण्याचा, आपल्याला नैतिक अधिकार आहे का? प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. पण तो माझ्या डोक्यात एखाद्या ग्रंथामुळे आला नाही, अठ्ठावन्न आयांमुळे आला.

आमची शाळा नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. शाळा त्याच्या आधीची. माझ्या वर्गात भिलोरी बोलणारी पोरं होती, पावरी बोलणारी होती, अहिराणी आणि गुजरी बोलणारी होती. मराठी सगळ्यांनाच यायची, पण पाहुण्यांसमोर घालायच्या कपड्यांसारखी: जपून आणि थोडी आखडलेली. अशा पोरांना आमच्या निबंधाच्या यादीत पहिलाच विषय 'समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ'. तापीपलीकडे पाणी न पाहिलेल्या त्या लेकरांनी समुद्रावरची जी वर्णनं लिहिली, ती वाचून एखादा कोळीही चकित झाला असता. सूर्य 'लालबुंद गोळ्यासारखा' बुडत होता, 'मंद वारा' वाहत होता आणि एकूण एक मुलगा 'जड अंतःकरणाने' घरी परतत होता. घरी म्हणजे कुठे, तर अक्कलकुवा तालुक्यात!

समुद्राचं एक वेळ सोडा. समुद्र कुणाचा काका नव्हे. पण पुढचा विषय होता 'माझी आई'. अठ्ठावन्न वह्या आल्या आणि अठ्ठावन्न वह्यांतून एकच आई आली. ती भल्या पहाटे पाचला उठते. दारात सडा घालून रांगोळी काढते. देवाची पूजा करते. माझ्या डोक्यावरून मायेचा हात फिरवते. मी आजारी पडलो की रात्रभर उशाशी बसते. ही बाई कुठे राहते तेही मला ठाऊक होतं: बाजारात मिळणाऱ्या निबंधाच्या पुस्तकात, पान बारा. पानसुद्धा माझ्या पाठ झालं होतं.

आमच्याकडच्या आया पहाटे पाचला उठत नाहीत असं नाही. चारला उठतात. पण दिवाळी आटोपली, अस्तंब्याची यात्रा झाली, की मुकादमाकडून उचल घेतलेली कितीतरी कुटुंबं गाडीत भांडी-कोंबड्यांसह चढतात आणि गुजरातेत बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीला जातात. परततात होळीच्या सुमाराला, नाहीतर त्याच्याही नंतर. पोरं आजीकडे किंवा आश्रमशाळेत. मी ज्या महिन्यात ह्या वह्या तपासत होतो, त्या महिन्यात वर्गातल्या निदान पंधरा जणांच्या आया घरी नव्हत्याच. आणि तरी वहीत त्या रांगोळी काढत होत्या! पोरांना खोटं बोलू नये म्हणून मूल्यशिक्षणाचा स्वतंत्र तास होता; खोटं लिहिलं की मात्र दहापैकी आठ मिळत. ही तफावत कुणालाच खटकत नव्हती, कारण खोटं शुद्ध मराठीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "पुन्हा 'माझी आई'. पुस्तकातली नको, घरातली." पोरं नुसती बघत राहिली. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी वर्गाची मॉनिटर होती आणि आमच्या मुख्याध्यापकांपेक्षा कडक होती, ती म्हणाली, "सर, म्हणजे कशी?"

कशी ते मला सांगता येईना. म्हणून मी वही काढली आणि लिहायला बसलो. वर्गात अशी शांतता पसरली, की शेजारच्या वर्गावरचे सर मला बरं वाटत नाही की काय ते बघायला दारात आले.

आणि काय सांगू तुम्हाला! पहिल्या दोन ओळी सुरेख येतात हो. तिसरी येत नाही. तिसऱ्या ओळीपाशी माणूस पेनाचं टोपण चावतो, खिडकीबाहेर बघतो, लघुशंकेची परवानगी मागावीशी वाटते. पोरं हे सगळं करत असताना आपण त्यांना 'चाळे' म्हणतो. तो चाळा नसून वाङ्मयीन प्रसववेदना असते हे खुर्चीतून दिसत नाही. 'विस्तार करा' हा शेरा त्या दिवसापासून माझ्या लाल पेनातून उतरेना. विस्तार म्हणजे पापड आहे का लाटायला?

वीस मिनिटांनी मी वाचून दाखवलं. माझी आई, तिचं डाळीच्या डब्यात पैसे लपवणं, नळावरची भांडणं, जात्यावर दळताना मान एका बाजूला कलती करणं. वाचून झाल्यावर लाल पेन मॉनिटरच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मी तुमचं तपासतो तसं तपासा."

पोरं आधी लाजली. मग एकाने हात वर केला. "सर, तुमच्या घरी जातं होतं? घरोट नव्हता?" आता आम्ही तापीकाठचे अहिराणी लोक. माझ्या आईने जन्मात 'जातं' हा शब्द उच्चारला नव्हता. पण हात शाळेत शिरला की आपोआप चपला बाहेर काढून ठेवतो. मी म्हटलं, "दोन्ही चालतं." मॉनिटरने अर्धा गुण कापला. माझं अजूनही म्हणणं आहे, की दोन्ही चालतं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "सर, तुमची आई बोलतच नाही. मुकी होती का?"

वर्ग हसला. मीही हसलो. माझी आई आणि मुकी! तिचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे जायचा. पण खरंच, दीड पानात ती एक अक्षर बोलली नव्हती. डबे होते, नळ होता, आवाज नव्हता. तिथल्या तिथे मी तिचं एक वाक्य घातलं. मी शाळेत निघालो की ती मागून ओरडायची, "मोठा व्हय, माले इसरी जाय, पन पयले पानी भरी दे!" अहिराणी कानावर पडताच वर्गातला अर्धा भाग बाकावर सरळ बसला. शाळेच्या निबंधात असं चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकूण गुण मिळाले दहापैकी साडेचार. 'शेवट नीट नाही' असा शेराही होता.

शिक्षकांच्या खोलीत ही बातमी माझ्या आधी पोचली. गणिताचे सर म्हणाले, "हे अति होतं. हृदयरोगाचा डॉक्टर आधी स्वतःला झटका आणून घेतो का?" युक्तिवाद बिनतोड होता; गणितवाल्यांचा असतोच. दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी सुचलं, तेव्हा सर रजेवर होते, म्हणून इथे देतो. डॉक्टर आपल्याला झटका आणा म्हणत नाही. आपण मात्र पोराला म्हणतो, तुझी ट्रंक उघड, आत काय आहे ते सगळ्यांना दाखव, आणि घडी नीट नसेल तर मी गुण कापीन. ज्याला दुसऱ्याची ट्रंक उघडायला लावायची आहे, त्याने स्वतःच्या ट्रंकेची निदान कडी काढून ठेवायला नको?

माझ्या साडेचार गुणांचं दुःख हलकं केलं ते टॉलस्टॉयने. ह्या माणसाने आपल्या यास्नाया पोल्याना गावात शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढली होती. 'चमच्याने भरवतो आणि दांड्याने डोळा फोडतो' अशा अर्थाच्या एका रशियन म्हणीवर त्याने पोरांना गोष्ट लिहायला सांगितली. पोरं म्हणाली, आम्हाला जमणार नाही, तुम्हीच लिहा. टॉलस्टॉय लिहायला बसला. पोरं खांद्यावरून डोकावू लागली आणि हे असं नको, ते तसं नको म्हणून त्याची साफ हजेरी घेऊ लागली. शेवटी फेदका आणि स्योमका नावाची दोन पोरं सांगू लागली आणि टॉलस्टॉय लिहून घेऊ लागला. रात्र झाली तरी पोरं हलेनात. पुढे त्या हस्तलिखिताच्या कागदांचे दुसऱ्या पोरांनी फटाके करून टाकले, (शाळा सगळीकडे सारखीच) आणि गोष्ट पुन्हा लिहावी लागली. १८६२ साली टॉलस्टॉयने ह्यावर लेख लिहिला आणि त्यात सरळ विचारलं, की लिहायला कुणी कुणाकडून शिकायचं, शेतकऱ्यांच्या पोरांनी आमच्याकडून की आम्ही त्यांच्याकडून? 'युद्ध आणि शांती' त्याच्या नंतरची. म्हणजे त्या कादंबरीच्या आधी तो माणूस पोरांकडून तपासून निघाला होता. आमच्या मॉनिटरने त्याला किती दिले असते कोण जाणे.

बरं, रशियापर्यंत जायलाच हवं असंही नाही. मराठी निबंधाचा बाप म्हणून आपण ज्याचं नाव घेतो ते विष्णुशास्त्री चिपळूणकर शाळामास्तरच होते. १८७४ साली त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि सात वर्षांत चौऱ्यांशी अंक काढले, बहुतेक सगळे एकट्याने लिहून. मध्येच सरकारने त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली केली. (नंदुरबारला बदली करण्याची पद्धत तेव्हा पडली नसावी.) आणि आमच्याच भुसावळ-सुरत लोहमार्गावर अमळनेर आहे. तिथल्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक बरं का! दिवसभर शिकवायचं, मुलांचं दुखलंखुपलं बघायचं, रात्री बसून पानं भरायची आणि सकाळी मुलांनी ती वाचायची. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहून झाली हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो हात आधी अमळनेरला मुलांसाठी रोज लिहून लिहून तयार झाला होता हे कुणी लक्षात घेत नाही. आम्ही मास्तर लोकांनी त्या पुस्तकाचं काय केलं? त्यावर 'टिपा लिहा' काढल्या.

अमेरिकेत तर ह्याची रीतसर चळवळच झाली. १९७४ साली कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात जेम्स ग्रे नावाच्या गृहस्थाने उन्हाळ्यात शिक्षकांना जमवलं आणि त्यांनाच लिहायला बसवलं, एकमेकांचं वाचायला लावलं. लिहायला शिकवणाऱ्याने लिहिलं पाहिजे, एवढाच विचार. आमच्या प्रशिक्षणात दोनदा सही असते, एक हजेरीची आणि एक चहाची. तेवढंच लेखन.

पण थांबा. मास्तराने लिहिलं की सगळं सुरळीत झालं असं मी म्हणतोय असं समजू नका. लिहिणारा मास्तर हा न लिहिणाऱ्यापेक्षा भयंकर ठरू शकतो. एका शाळेतले कवी-शिक्षक मला ठाऊक आहेत. स्वखर्चाने संग्रह काढला, उरलेल्या प्रती वर्गात खपवल्या आणि 'माझे आवडते कवी' हा निबंध घातला. पोरं शहाणी, सगळ्यांना तेच कवी आवडले. मास्तराची कविता ऐकताना पोराला उठून जाता येत नाही, हे जो विसरतो त्याने लिहू नये. निदान वाचू तरी नये.

ह्याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी हा सगळा फेरफटका मारला.

त्या दुसऱ्या खेपेच्या वह्यांत एक वही होती चार ओळींची. मुलगा मागच्या बाकावरचा, वर्षभरात माझ्याशी दहा शब्द बोललेला. त्याने आईला 'आई' म्हटलं नव्हतं, 'याहा' म्हटलं होतं; आमच्याकडच्या भिल्लांची देवी याहामोगी, तिच्यातली याहा. त्या चार ओळी वाचल्या आणि माझ्यातल्या दोन माणसांची जुंपली. मास्तर म्हणाला, वर्गात वाचून दाखव, पोरांना कळेल खरं लेखन काय असतं. लेखक म्हणाला, वाचायच्या फंदात पडू नकोस, ही तुझ्या कथेची सुरुवात आहे. उचल. लेखक किती सहज म्हणाला 'उचल'! मुकादमाचाच शब्द.

मी मुलाला बाहेर बोलावलं. "वर्गात वाचू का?"

"नको सर. कुणीतरी तिकडे सांगेल. ऐकलं तर ती काम सोडून येईल. उचल घेतलेली आहे."

म्हणजे ह्या चार ओळींची किंमत काय होऊ शकते ते त्याला माझ्यापेक्षा नेमकं ठाऊक होतं. पैशात ठाऊक होतं. आम्ही वाङ्मयाच्या सामर्थ्यावर व्याख्यानं देतो. हा पोरगा त्या सामर्थ्याला घाबरून वही पोटाशी धरून उभा होता.

त्या ओळी मी वाचल्या नाहीत, कथेत घातल्या नाहीत आणि इथेही देत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी हा मुलगा मला एस.टी.त कंडक्टर म्हणून भेटला, तेव्हा विचारलं. म्हणाला, "बाकीचं लिहा सर, ओळी नको." गाव आणि साल मी माझ्या मनाने गाळलं आहे.

पण वही तर परत द्यायची होती, आणि कोऱ्या जागेत 'छान' असं लिहून देणं म्हणजे कुणी घरचं दुःख सांगितल्यावर टाळी वाजवण्यासारखं. म्हणून त्याच्या चार ओळींखाली मी माझ्या चार लिहिल्या. वर्गात वाचलेल्या निबंधात डबे होते, नळ होता. ही गोष्ट नव्हती. मी चौथीत असताना आई वडिलांशी भांडून मामाकडे गेली आणि आठ महिने आली नाही. पाणी भरायला सांगणारं कुणी नव्हतं, तरी मी रोज भरून ठेवायचो. आई आता नाही, तिला विचारता येत नाही. मामांना विचारून हे इथे लिहितो आहे. त्या वेळी मात्र ते फक्त त्या एका वहीत होतं.

दोन दिवसांनी वही परत आली. माझ्या ओळींखाली पेन्सिलने, अगदी बारीक अक्षरात, एक प्रश्न: 'मग आल्या का?'

मी लिहिलं, 'आली. उन्हाळ्यात.'

आता गुणपत्रक. रकाना रिकामा दिसला आणि वरून विचारणा झाली. मी म्हटलं, ह्या निबंधाला गुण देता येत नाहीत. "मग गैरहजर लिहा." मुलगा हजर होता. "मग शून्य लिहा. वीस ओळी सांगितल्या होत्या, चारच आहेत." हिशेबाने ते बरोबरच होतं. शासकीय रकान्याला याहा कळत नाही आणि त्याने कळून घ्यावी अशी अपेक्षाही नाही. पण भरायचा मला होता.

मधल्या सुट्टीत त्या मुलाला गाठलं. म्हटलं, "मी तुझ्या वहीत लिहिलं त्याला तू किती देशील? जे देशील तेच तुझ्या नावापुढे टाकतो."

त्याने पुष्कळ वेळ विचार केला. साडेचारांची माझी कीर्ती त्याला ठाऊक होतीच.

"सहा," तो म्हणाला. आणि जाता जाता वळून, "अक्षर सुधारा, सर."